बिलावरची सही

आईच्या तोंडात फोड आलेत हे तिनं मला फोनवर सांगितलं ते बोलता बोलता, जाता जाता. "तिखट लागत नाहीये गं. पेज पितेय दोन दिवस." मी म्हटलं, उन्हाळ्याचं असेल, तूप लाव. सप्टेंबर महिना होता, उन्हाळा नव्हता. ते वाक्य मला अजून टोचतं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींचा फोन आला. आई उठत नाही, ताप आहे, अंगावर लालसर ठिपके दिसतायत. मी पुण्याहून निघाले. पोचले तोवर वहिनींनी तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं होतं आणि त्यांनी रक्त तपासून लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. पांढऱ्या पेशी एकोणीसशे. प्लेटलेट बासष्ट हजार. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मेथोट्रेक्झेट चालू आहे का? कशी घेतात, आठवड्याला की रोज?"

आईला संधिवात आहे, आमवात म्हणतात तो. बोटं वाकायला लागली होती. २०१९ पासून ती मेथोट्रेक्झेट घेते, रविवारी संध्याकाळी, आठवड्यातून एकदाच. बाकी सहा दिवस फॉलिक अॅसिडची एक एक गोळी. मी ठामपणे सांगितलं, आई चुकायची नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारी टिंब काढते ती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या घेऊन या. सगळ्या. रिकामी पाकिटंसुद्धा."

आईच्या गोळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात. मी तो डबा तसाच उचलून आणला आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर उघडला. दोन स्ट्रिपा होत्या. एकीवर पंधरा मिलिग्रॅम, त्यातल्या दोन गोळ्या गेलेल्या. बरोबर, दोन रविवार. दुसरीवर पाच मिलिग्रॅम, नऊ खळगे रिकामे, एक गोळी शिल्लक. फॉलिक अॅसिडही पाच मिलिग्रॅमचंच असतं, म्हणून माझी नजर आकड्यावरून पुढे सरकली. मग नाव वाचलं. मग त्याखालचं बारीक अक्षर, बोटाचं नख त्याखाली धरून. दोन्ही स्ट्रिपांवर तेच लिहिलं होतं: मेथोट्रेक्झेट.

फॉलिक अॅसिडच्या जागी आईला मेथोट्रेक्झेट दिलं होतं. दोन्हींच्या कंपनीच्या नावांची सुरुवात 'फोली'नं होते, आकडा पाच, गोळी पिवळी. आईनं नंतर सांगितलं, "रंग तोच होता, म्हणून मला काही वाटलं नाही."

ही चूक किती जुनी आणि किती ओळखीची आहे हे मला दवाखान्यातच कळलं. संधिवाताला हे औषध अगदी थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदा देतात. मोठ्या मात्रेत तेच कॅन्सरवर वापरतात. रोज पोटात गेलं की हाडातल्या मगजात रक्त तयार होणं मंदावतं, तोंडाची आतली कातडी सोलवटते, पेशी उतरतात आणि साधा जंतूही माणसाला झेपत नाही. वय झालेलं असेल, मूत्रपिंडं थकलेली असतील तर आणखी लवकर. फॉलिक अॅसिड हे या औषधाचा त्रास कमी करायलाच देतात. म्हणजे आईला ढालीच्या जागी दुसरी तलवारच मिळाली होती. उतारा म्हणून फोलिनिक अॅसिडची इंजेक्शनं दिली. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी पेशी चढायला लागल्या, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

दुकान आमच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. दुकानदार काकांना मी परकर-पोलक्यात असल्यापासून ओळखते. बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा रात्री दोन वाजता काकांनी शटर उघडून औषधं दिली आहेत, पैसे महिन्याअखेरीस घेतले आहेत. मी त्यांच्याकडे गेले ती भांडायला नाही. मला फक्त कळायला हवं होतं की हे झालं कसं.

त्यांनी बिल बघितलं, चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, डॉक्टरांचं अक्षरच तसं आहे. ते खरंही होतं, अक्षर वाईटच होतं. पण त्याच चिठ्ठीत पहिल्या ओळीत मेथोट्रेक्झेट पंधरा, 'रविवारी' असं लिहिलेलं आणि दुसऱ्या ओळीत पाच, 'रोज, रविवार सोडून'. एकाच माणसाला एकच औषध आठवड्यातून एकदा आणि शिवाय रोजसुद्धा कुणी लिहील का, एवढा एक प्रश्न काउंटरवर कुणाच्या तरी मनात यायला हवा होता. त्यासाठी अक्षर वाचावं लागत नाही, औषध माहीत असावं लागतं. चिठ्ठी कुणी वाचली, असं मी विचारलं. नवीन पोरानं, म्हणाले. बारावी झालेला. आणि फार्मासिस्ट? काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम असतात ना, येऊन-जाऊन असतात."

भिंतीवर लायसनच्या शेजारी काचेच्या चौकटीत एका मुलीचं नोंदणी प्रमाणपत्र होतं, कोपऱ्यात फोटो. मी या दुकानात इतकी वर्षं जाते. तो चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता.

निघताना काका म्हणाले, "ती स्ट्रिप आणून दे, बदलून देतो. दवाखान्याच्या बिलाचंही बघू आपण." मनात काही काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही. पण स्ट्रिप मी दिली नाही. त्या रात्री स्ट्रिप, बिल, चिठ्ठी असं सगळं दोन्ही बाजूंनी मोबाईलवर टिपलं आणि अस्सल कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुण्याला नेले. पुढचं सगळं त्या पिशवीवर उभं राहिलं.

तक्रार करायची तर कुठं, हे मला दवाखान्यातल्या क्लिनिकल फार्मासिस्ट बाईंनी सांगितलं. तिथं त्या वॉर्डात फिरून प्रत्येक पेशंटच्या गोळ्यांचा कागद तपासतात. अशी नोकरी असते हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले. एकात लिहिलं 'दुकान', दुसऱ्यात 'माणूस'. दुकानाचं लायसन अन्न व औषध प्रशासन देतं, १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली. दुकानानं अटी मोडल्या तर लायसन निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार त्यांचा. फार्मासिस्ट या माणसाची नोंदणी मात्र १९४८च्या फार्मसी कायद्याखाली, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे. त्या माणसानं व्यवसायाला न शोभणारं वागणं केलं तर कलम ३६ प्रमाणे, त्याचं म्हणणं ऐकून घेऊन, त्याचं नाव नोंदवहीतून काढायचा अधिकार कौन्सिलचा. "लोक एकाच ठिकाणी जातात, मग तिथून सांगतात की हे आमच्याकडे येत नाही, आणि लोक थकतात," त्या म्हणाल्या. ग्राहक आयोग हा तिसरा रस्ता होता, भरपाईचा. त्याला दोन वर्षांची मुदत असते. मी तिकडे गेले नाही. मला पैसे नको होते, आणि एका वेळी दोन ठिकाणी लढण्याइतकीच माझी रजा शिल्लक होती.

पहिला मसुदा मी चार पानी लिहिला. त्यात बाबांचा आजार होता, आईचे कष्ट होते, काकांचं 'येऊन-जाऊन' होतं. वकिली करणाऱ्या माझ्या मावसभावानं तो वाचला आणि म्हणाला, "ताई, यात तुझा राग कळतो, काय झालं ते कळत नाही." मग एका पानात बसवलं. कोणत्या तारखेला, कोणत्या बिल क्रमांकानं, चिठ्ठीत काय लिहिलं होतं, हातात काय दिलं, बॅच नंबर काय, किती गोळ्या पोटात गेल्या, कोणत्या तारखेला रक्तात काय निघालं. काउंटरवर कोण होतं. फार्मासिस्ट कुठं होता, याची चौकशी व्हावी. शेवटी कागदांची यादी. कौन्सिलच्या अर्जाला त्यानं प्रतिज्ञापत्रही जोडायला लावलं. अस्सल कागद कुणालाही पोस्टानं पाठवू नकोस, झेरॉक्स पाठव, हेही त्याचंच.

आईला हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती घरी आली होती, खिचडी खात होती. म्हणाली, "त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस." मी म्हटलं, आई, तू गेली असतीस. ती म्हणाली, "गेले नाही ना?" आम्ही दोघी त्यावर दोन दिवस बोललो नाही. मग एका सकाळी तिनंच विचारलं, दुकानातून साखरेच्या गोळ्या नेणाऱ्या समोरच्या आजींना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना काय देत असतील? अर्जावर पेशंट म्हणून तिची सही हवी होती. तिनं चष्मा लावून पूर्ण अर्ज वाचला, 'काका' हा शब्द एका जागी राहिला होता तो खोडायला लावला आणि सही केली. वाकड्या बोटांनी सही करायला तिला वेळ लागतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावानं अर्ज दिला, आवक शिक्क्याची प्रत घेतली. आठवडाभरात औषध निरीक्षकांचा फोन आला. त्यांनी जबाब घेतला आणि मला वाटलं होतं त्याहून बारीक प्रश्न विचारले. गोळ्या कुणी आणल्या? आईनं स्वतः. त्या वेळी आणखी कुणी होतं का? स्ट्रिपवर काही लिहून दिलं होतं का? दिलं होतं. मागे निळ्या पेननं 'रोज १ सकाळी' असं लिहिलेलं, ते मी पाहूनही मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. त्यांनी स्ट्रिप उजेडाकडे तिरकी धरून ते अक्षर बराच वेळ पाहिलं. मग बिलावरच्या बॅच नंबरशी ताडून बघितलं, स्ट्रिप ताब्यात घेतली, पोच दिली.

त्यांनी दुकानाला भेट दिली तेव्हा काय सापडलं हे मला पुढे माहितीच्या अधिकारात कळलं. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला आणि तपासणी अहवालाची प्रत मिळाली. दुपारी साडेबाराला विक्री चालू होती आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर नव्हता. कारणे दाखवा नोटिशीत औषधे नियमावलीतले दोन नियम लिहिले होते. नियम ६५ (२): डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं. आणि ६५ (११अ): चिठ्ठीत लिहिलंय त्याऐवजी दुसरं देता येत नाही. ते मी बसमध्ये वाचलं. 'प्रत्यक्ष देखरेख' हे दोन शब्द मी तेव्हापासून कितीदा मनात म्हटले असतील. ही सोय आईसारख्या बाईसाठीच केलेली आहे. डॉक्टरांच्या हातून चूक होऊ शकते, अक्षर घाण असू शकतं, पोरगा नवखा असू शकतो, म्हणून मध्ये एक शिकलेला माणूस बसवलेला आहे. आमच्या गावात त्या माणसाच्या जागी चौकट होती.

दुकानाचं लायसन वीस दिवसांसाठी निलंबित झालं. त्या वीस दिवसांत मी गावी गेले तेव्हा शटर बंद होतं आणि एसटी स्टँडपर्यंत औषधाला जावं लागतं म्हणून शेजारचे एक जण मला तोंडावर बोलले. वहिनींनी मात्र, काही न बोलता, आपल्या सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. "एकदा बघता का?" त्या दिवशी मी गल्लीतले चार डबे बघितले. मी फार्मासिस्ट नाही. मी फक्त चिठ्ठी आणि स्ट्रिपवरचं बारीक अक्षर शेजारी शेजारी धरलं. एका डब्यात एकच बीपीची गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू होती. त्यांना म्हटलं, डॉक्टरांना आजच विचारा, स्वतःहून काही बंद करू नका.

कौन्सिलचं काम वेगळ्या गतीनं चाललं. माझा अर्ज गेला, पोच आली, त्या मुलीला नोटीस गेली, तिचं लेखी उत्तर आलं. मग मला सुनावणीचं पत्र आलं. कौन्सिलचं ऑफिस मुलुंडला आहे, लालबहादूर शास्त्री मार्गावर, ईएसआयएस हॉस्पिटलच्या आवारात. पहाटेच्या गाडीनं गेले. आई यायचं म्हणत होती, मी नको म्हटलं.

बाहेरच्या बाकावर ती बसलेली होती, वडिलांबरोबर. फोटोवरून ओळखलं. फोटोपेक्षा बारीक. सव्वीस-सत्तावीसची असेल. हातात माझ्यासारखीच प्लॅस्टिकची पिशवी. तिच्या वडिलांनी मला नमस्कार केला, मीही केला. त्यांना मी कोण ते कळलंय की नाही हे मला समजेना, आणि सांगायचं कसं तेही.

आत मला विचारलं ते मी सांगितलं. मग बिलाची प्रत टेबलावर ठेवली गेली. खाली 'फार्मासिस्टची सही' असं छापलेलं आणि त्यावर एक फराटा. तिला विचारलं, ही सही तुमची का? तिनं बिल जवळ ओढलं, वाचलं. ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "नाही. ही माझी सही नाही."

मला आधी वाटलं ती सुटली. मग पुढचा प्रश्न आला. मग त्या वेळी तुम्ही कुठं होतात? आणि तिनं सांगितलं. दुसऱ्या जिल्ह्यात एका कंपनीत क्वालिटीच्या खात्यात नोकरी. प्रमाणपत्र या दुकानाला दिलेलं, महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात जमा व्हायची. शिक्षणाचं कर्ज होतं. कॉलेजातल्या बऱ्याच मुलामुलींनी असं दिलंय, सीनिअरनं सांगितलं होतं यात काही होत नाही. सही नाकारताना तिनं जे वाचवायला बघितलं होतं तेच तिनं कबूल केलं होतं. ती तिथं नव्हतीच. आमच्याकडे याला सरळ 'सर्टिफिकेट भाड्यानं देणं' म्हणतात, आणि लोक ते घर भाड्यानं देण्यासारखंच बोलतात.

मला आणखी काही म्हणायचंय का, असं विचारलं. मी तयारी केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, की हिनं चुकीची गोळी दिली अशी माझी तक्रार नाही. ही बसलेली असती तर ती गोळी गेलीच नसती. हिला येतं. पहिल्या ओळीत पंधरा आणि दुसरीत पाच बघून हिनं डॉक्टरांना फोन लावला असता. ती मान खाली घालून ऐकत होती. इथं तिनं मान वर केली आणि म्हणाली, "हो. लावला असता."

बाहेर आल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं, "आई बऱ्या आहेत ना आता?" मी हो म्हटलं. त्यांनी हात जोडले. मला तिथं थांबवेना.

चौकशीचा अहवाल कार्यकारी समितीपुढे जातो आणि समितीचा आदेश पुढे कौन्सिलनं कायम करावा लागतो, असं मला सांगितलं होतं. त्यामुळे पत्र यायला २०२४ उजाडलं. एक वर्षासाठी नाव नोंदवहीतून कमी. आईला मी ते वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "मग आता ती पोरगी काय करणार?" तिची कंपनीतली नोकरी राहिली की गेली, मला माहीत नाही. या प्रश्नाचं ओझं माझ्यावर आहे आणि ते असावं असं मला वाटतं. पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर तरीही करेन.

आई पुन्हा मेथोट्रेक्झेटवर आहे, कमी मात्रेत, दर महिन्याला रक्त तपासून. गोळ्या त्याच दुकानातून घेते. चार मिनिटांवर आहे आणि तिचे गुडघे त्याच्या पलीकडे जात नाहीत. चौकटीत आता दुसरं प्रमाणपत्र आहे, एका मुलाचं, आणि काउंटरच्या आतल्या बाजूला पांढरा कोट घातलेला तोच मुलगा खुर्चीवर बसलेला असतो. गावी गेले की मी स्वतः जाऊन बघते. गेल्या महिन्यात तीनदा गेले. दोनदा तो होता. एकदा खुर्ची रिकामी होती आणि काका म्हणाले, "जेवायला गेलाय, दे चिठ्ठी." मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि शेजारच्या पायरीवर बसले. पस्तीस मिनिटांनी तो आला, तेव्हा दिली.